सशाला औषध पाजण्याची रीत

लग्न होऊन मी राहात्याहून भिंगारला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका, शिवणाचं मशीन आणि टोपलीत एक पांढरा ससा होता. ससा अगदी पिल्लापासून मी वाढवलेला. माझ्यामागे माहेरी त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून वडिलांनी तोही पाठवला. सासूबाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लोकाच्या सुना रुखवतात लाडू आणत्यात. आमच्या सुनेनं ससा आणलाय. आता ह्याला ताटात वाढायचा का पाटावर बसवायचा, तेवढं सांग बाई."

मी ते मनाला लावून घेतलं नाही. आठवडाभरात मागच्या अंगणात फळ्यांची पेटी ठोकून घेतली, तळाला जाळी लावली, झाडलोट आणि पाण्याची वेळ ठरवली. बाजारातून रोज घासाची एक जुडी येई. आमच्याकडे लसूणघासाला नुसतं घास म्हणतात. ससा खायचा, मी कामं उरकायची, सासूबाई जाता-येता त्याला एखादा टोमणा मारायच्या, असं सगळं नीट बसलं होतं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. थंडी सुरू झाली तोवर बाजारातला घास दिसेनासा झाला. जो येई तो दुभत्या जनावरांसाठी आधीच ठरलेला असे. सशाला मग घरात असेल ते मिळू लागलं. भाकरीचे तुकडे, भिजवलेले हरभरे, कधी मेथीच्या काड्या. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी पेटी झाडायला गेले, तर जाळीखाली एकही लेंडी नव्हती. पाण्याची वाटी तशीच भरलेली, भाकरी तशीच पडलेली. ससा पाठ फुगवून कोपऱ्यात बसला होता. पोटाला हात लावला तर ते टणक लागलं.

आमचे हे लष्करी कचेरीत कारकून होते. त्यांना म्हटलं, आधी नगरला गुरांच्या दवाखान्यात सोडा, मग कामावर जा.

"उशिराचं कारण काय सांगू? ससा आजारी?"

"मेहुणा आजारी म्हणा. माहेरचाच आहे तो."

सायकलच्या कॅरियरवर बसून, मांडीवर पिशवीत ससा घेऊन गेले. दवाखान्याच्या दारात एक लंगडा बैल आणि चार शेळ्या होत्या. डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं, "ताई, ह्या टेबलावर आजवर ससा आलेला नाही. पण पोट थांबलंय एवढं मला कळतं." त्यांनी पोटफुगीचं औषध दिलं. करडाला देतात त्याहून बरंच कमी, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. बाटलीचं बूच काढल्याबरोबर सुंठ-ओवा-हिंगाचा वास आला. "लेंड्या पडल्या की सुटला म्हणायचं," ते म्हणाले. "उद्यापर्यंत नाही पडल्या, तर मात्र आशा धरू नका."

घरी आले. औषध गुळाच्या पाण्यात कालवून वाटी पुढे केली. सशाने हुंगून तोंड फिरवलं. गाजराच्या चकतीला लावून दिलं, त्याने चकती ओलांडून पलीकडे जाऊन बसणं पसंत केलं. चमचा ओठाशी नेला तर दात घट्ट मिटले. सगळं औषध माझ्या लुगड्यावर. सासूबाई ओट्यावर तीळ निवडत बघत होत्या.

"अगं, 'घेता का, घेता का' करून इचारतीस काय त्याला? आन इकडं."

बाळगुटी पाजण्यात सासूबाईंचा हात अख्ख्या गल्लीत नावाजलेला होता. रडकं, हट्टी, कसलंही मूल त्यांच्या पायांवर घालावं, गुटी पोटातच जायची. त्यांनी कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं. तान्ह्यांना दूध नाहीतर औषध पाजायचं ते छोटं, चोचीचं भांडं. मग दुपटं काढलं. पाटावर बसून पाय लांब केले, ससा दुपट्यात गुंडाळला आणि दोन पायांमधल्या खळग्यात उताणा ठेवला. डाव्या हाताने नाक चिमटीत धरलं, उजव्या हाताने बोंडल्याची चोच तोंडात घातली. अगदी बाळाला पाजतात तसंच. मला वाटलं, झालं काम.

ससा एकदम ताठला. मग ढिला पडला. औषध नाकातून बाहेर आलं.

मी तो उचलून सरळ धरला, पदराने नाक पुसलं, पाठ चोळली. शेवटी त्याला दोन शिंका आल्या आणि श्वासाबरोबर कुशी हलायला लागल्या. सासूबाईंनी बोंडलं विसळलं, पालथं घातलं आणि म्हणाल्या, "म्या न्हाई बाई आता हात लावायची."

मी टांगा बोलावला. दवाखान्यात परत जायला हवं होतं, कारण औषध पोटात गेलेलं नव्हतं आणि कसं घालायचं ते मला माहीत नव्हतं. मी चढले तोवर सासूबाई चपला घालून शेजारी येऊन बसल्या. रस्ताभर त्यांनी फक्त एकदा पिशवीत डोकावून पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "पाजलं कसं?"

मी काय सांगावं ते जुळवत होते.

"म्याच पाजलं," सासूबाई म्हणाल्या. "पोराला पाजत्यात तसं. उताणं घालून, नाक धरून."

"आजी, पोराचं नाक धरलं तर पोर तोंड उघडतं. हा नाकानंच श्वास घेतो. नाक दाबलं की हा गुदमरतो. आणि उताणा धरला की औषध फुप्फुसात." त्यांनी सशाला टेबलावर चारी पायांवर बसवलं आणि बोटाने ओठ बाजूला केला. पुढे दोन दात, मागे दाढा, मधे मोकळी हिरडी. "औषध इथून, बाजूनं. घोड्याच्या तोंडात लगाम बसतो ना, तशीच ही जागा."

सासूबाईंनी वाकून पाहिलं. त्यांच्या वडिलांचा भिंगारात टांगा होता, त्या घोड्यांत वाढलेल्या.

"मग हे सकाळीच सांगायचं की ओ डाक्टर! लगाम म्या परकर नेसत हुते तवापासून चढवलेत. उगं पोरांची रीत केली."

डॉक्टर हसले आणि त्यांनी टेबलावरचा काचेचा ड्रॉपर धुऊन माझ्या हातात दिला.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. सासूबाई मांडी घालून बसायच्या. ससा दुपट्यात, पण पायांवर बसलेला, पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली, तोंड माझ्याकडे. मी बाजूच्या फटीतून ड्रॉपर सरकवून एकेक थेंब सोडायची आणि जबडा हलला की पुढचा. पहिल्या खेपेला त्याने दुपट्यातून पाय काढून सासूबाईंचा हात ओरबाडला. "लाथ मार, पर गीळ," त्या म्हणाल्या. प्रत्येक थेंबाला मला बजावायच्या, "नाक मोकळं हाय का बघ आधी." संध्याकाळपर्यंत निम्मं औषध आत आणि निम्मं दुपट्यावर, असा हिशेब जमला. जाळीखाली मात्र काहीच पडलं नाही. रात्री झोपण्यापूर्वी मी पाहिलं, सासूबाईंनी माझ्यानंतर पुन्हा जाऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हळदीकुंकू होतं. माझी पहिली संक्रांत, त्यामुळे काळी साडी आणि हलव्याचे दागिने, गळ्यात, हातात, कपाळावरसुद्धा. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. वाण म्हणून द्यायच्या वाट्या मांडून ठेवल्या होत्या. तेवढ्यात सासूबाई दारातून खुणावू लागल्या. औषधाची वेळ झाली होती.

"आत्याबाई, बायका बसल्यात."

"बसू दे की. बायका मरत न्हाईत थांबल्यानं."

मागच्या खोलीत त्या नवं लुगडं नेसून सशाला मांडीवर घेऊन तयार होत्या. मी वाकून ड्रॉपर पुढे नेला. ससा ड्रॉपर सोडून माझ्या गळ्याकडे झुकला आणि हलव्याच्या हारातला एक दाणा त्याने कुरतडला. कुर्र असा स्पष्ट आवाज आला. दोन दिवसांत त्याने आपण होऊन तोंडात घेतलेला तो पहिला पदार्थ. साखर पोटाला बरी नव्हे म्हणून मी हार मागे ओढला.

"खातोय गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी एक हात अलगद दुपट्याखाली घातला आणि चाचपलं. "पडल्या."

मी दुपटं उचलून पाहिलं. तीन-चार बारीक, कोरड्या लेंड्या, नव्या लुगड्याच्या घोळात. आम्ही बघत होतो तोवर आणखी दोन पडल्या.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "अहो, घरधनीण कुठं गेली? कुंकू लावणार कोण?"

मी ससा घ्यायला हात पुढे केले. सासूबाईंनी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. आत्ता हालवलं तर थांबंल. कुंकू तू लाव, वाणं तू दे. इचारलं तर सांग, सासू आत अडकलीय."

मी हातावरचं औषध पुसलं, हार सरळ केला आणि करंडा घेऊन बाहेर गेले.