गल्लीचा पापड, गरजेप्रमाणे

हसणार नाही अशी शपथ घ्या, तरच सांगते. घेतली? खोटी आहे ती, मला माहीत आहे. पण सांगितल्याशिवाय मलाही राहवत नाही! तर कोरीट गावात, आमच्या गल्लीत, मी एकदा क्रांती केली होती. उडदाच्या पापडांची.

मी नंदुरबारला ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. समाजवाद, साम्यवाद आणि भांडवलशाही मला झोपेतून उठवून विचारा, फरक स्पष्ट करून देईन. कॉलेजात मुलं ऐकतात, कारण त्यांना हजेरी हवी असते. घरी ऐकायला एकटे सासरे. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. चार वाजता स्कूटी लावली की ओट्यावर चहा, आणि चहाबरोबर मामांशी वाद, हा आमचा नेम.

मामा पक्के भांडवलशाहीवाले. म्हणजे कापसाला भाव असेल तोवर! "मन्हा कापूस, मन्हा घाम, मन्हा भाव. मधमा सरकार कोन?" असं ते आपल्या अहिराणीत ठणकावून सांगणार. आणि भाव पडला की त्याच ओट्यावर, त्याच खाटेवर बसून, "सरकार झोपी गयं का? बठ्ठा कापूस सरकारनी लेवाले पाहिजे!"

"मामा, सगळा कापूस सरकारने घ्यायचा, हा समाजवाद झाला," मी म्हणायचे.

"हाऊ समाजवाद नही. हाऊ न्याय शे."

आता बोला!

तर गेल्या उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर, गल्लीत पापड निघाले. आमच्याकडे पद्धत अशी की आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. प्रत्येक बाई आपलं पोळपाट-लाटणं घेऊन येते. मजुरी काही नाही. मधूनमधून उडदाची कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची, एवढीच काय ती कमाई. ते बघून मला एकदम स्फुरण चढलं.

"मामा, बघा! मालक नाही, मजूर नाही, पगार नाही. हा समाजवाद नाही तर काय आहे?"

मामांनी बशीतला चहा संपवला. "कसाना समाजवाद? कमलआक्का आपला घर येस, लाटस. पन पापड कोना? आपला! डबा कोना? आपला! आते बठ्ठ्या गल्लीनं पीठ एक करी दखाड, एकच ढीग करी दखाड. मंग मी मानसू."

"करून दाखवते!"

"आन् हारनी तं?"

"तर चहाच्या वेळी तोंड उघडणार नाही."

मामा इतके खूश झाले की त्यांनी बिस्किटांचा अख्खा पुडा माझ्यापुढे सरकवला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझा त्यात एक आतला डाव होता. मला पापड लाटता येत नाही. सुरुवात मी गोलच करते, पण त्याचं एक टोक गुजरातकडे निघतं आणि दुसरं मध्य प्रदेशात घुसतं. आत्या दरवर्षी माझे पापड वेगळ्या खाटेवर वाळत घालतात आणि येईल त्या बाईला दाखवतात, "ह्या आमनी प्रोफेसरना." सगळ्यांचा एकच ढीग झाला तर कुणाचा कुठला, कोण सांगणार? मालकी गेली की इज्जत वाचली! क्रांती काय उगाच होते?

काळजी होती ती आत्यांना. माझी नणंद सोनल आखाजीला माहेरी आली होती, लग्नानंतर पहिल्यांदाच. तिला न्यायला विहीणबाई येणार होत्या, आणि सोनलबरोबर पहिल्या वर्षाचा पापडांचा डबा जायचा होता. विहीणबाई म्हणजे साधं प्रकरण नाही. पापड उजेडात धरून बघतात.

"मन्ही पोरनी इज्जत शे ती," आत्या म्हणाल्या. "तुम्हना वादमा माले नका ओढा."

"आत्या, तुमचा डबा पहिला भरीन. माझा शब्द!" मी म्हटलं. शब्द द्यायला काय लागतं?

मग मी गल्लीतल्या बायकांपुढे भाषण केलं. प्रत्येकीने कुवतीप्रमाणे लाटायचं आणि प्रत्येकीने गरजेप्रमाणे न्यायचं! बायकांनी तिथल्या तिथे होकार दिला. एवढ्या झटकन सगळ्या 'हो' म्हणाल्या की शहाण्या माणसाने सावध व्हावं. मला वाटलं, जागृती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गल्लीची कुवतच बसलेली! शेजारच्या कमलआक्कांचं मनगट धरलेलं. रंजनाबाईंची कंबर आखडलेली. तिसरीचा उपास.

"अहो, उपासाला लाटायला काय होतं?"

"वास येस ना व माय!"

कुवत अशी आटली आणि गरजेला मात्र पूर आला. कमलआक्कांचे दोन मुलगे सुरतेला, त्यांचे शेजारी सुरतेला, त्या शेजाऱ्यांनाही पापड आवडतात. रंजनाबाई म्हणाल्या, "आमना घर जावाई येस."

"जावई? तुमची मुलगी तर माझ्या वर्गात आहे, अकरावीला!"

"कधी ना कधी येईच ना? गरज तं गरज शे!"

आत्यांनी बिचाऱ्यांनी घरोघरचं एकत्र केलेलं पीठ कुटून दिलं, हिंगाचं माप आपल्या हाताने घातलं. बायका लाटायला बसल्या खऱ्या, पण कशा? गप्पा मारत, लाट्या खात, एकेक पापड नाजूक, गोल, पातळ. अशाने ढीग कधी व्हायचा? पुढारी कोण? मी! मग मीच पदर खोचला आणि अशी लाटत सुटले की काही विचारू नका. संध्याकाळी ओट्यावरच्या, अंगणातल्या सगळ्या खाटा भरल्या. जिकडे बघावं तिकडे नकाशेच नकाशे! मधूनच कुठे तरी एखादा चंद्रासारखा गोल पापड दिसायचा आणि मला त्याची दया यायची.

पापड कडक वाळले आणि वाटपाचा दिवस उजाडला. सगळ्या डबे घेऊन हजर. मी जाहीर केलं, "मोजायचं नाही, कुणी पहारा करायचा नाही. सगळं विश्वासावर!" आणि क्रांतीचा आनंद म्हणून सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले.

भांडवलशाहीत माणूस असा आत जात नाही बघा!

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर ओट्यावर मामा एकटे. आणि ढीग? ढीग होता की! मोठा होता. पण त्यात गोल पापड औषधालाही नव्हता. उरले होते ते सगळे माझे.

मी तशीच कमलआक्कांच्या दारात. "आक्का! सगळे गोल पापड नेले तुम्ही?"

"आम्ही गरजपुरतंच लिधं व माय," आक्का शांतपणे म्हणाल्या. "आमनी गरज गोल पापडनी व्हती."

यावर पुस्तकात काही उत्तर असेल तर मला कळवा.

आणि तेवढ्यात गल्लीत गाडीचा हॉर्न. विहीणबाई! एक दिवस आधीच!

आत्यांनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सोनलचा रिकामा डबा मांडीवर घेऊन त्या चुलीपाशी बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. खरं सांगते, त्या क्षणी मला सगळे वाद नकोसे झाले. एका बाईने हौसेने कुटलेलं पीठ मी मामांना हरवण्यापायी घालवलं होतं.

बाहेर विहीणबाईंनी एक पापड उचलून उजेडात धरलाच होता.

"व्याहीबुवा, हाऊ पापड शे का नकाशा?"

"नकाशाच शे," मामा म्हणाले. "हाई देखा नवापूर, हाई तळोदं. आन् हाऊ तुटेल कोपरा म्हणजे आमनं कोरीट."

विहीणबाई हसल्या नाहीत.

मी आतल्या खोलीत तोंड लपवून उभी, आणि मागचं दार वाजलं. कमलआक्का! पदराखाली ताट, ताटात गोल पापडांची चळत. त्याच मनगटाने उचलून आणलेली, बरं का!

"विहीण उनी म्हणे. डबा आन इकडे."

"आक्का, पण सुरतेचे शेजारी?"

"त्यास्ले काय, विकत भेटतस. सोनल काय तुमनी एकलीनी शे का? मन्हा ओटावर खेळनी ती."

त्यांच्यामागे रंजनाबाई, कंबर सरळ करून. त्यांच्यामागे उपासवाली. जावई लांबणीवर पडला, आणि चहा निवायच्या आत सोनलचा डबा काठोकाठ भरला. आत्या डोळे पुसून उठल्या, डबा घेऊन ताठ मानेने बाहेर गेल्या. विहीणबाईंनी वरचा पापड उजेडात धरला आणि मान डोलावली. आत्यांचा चेहरा असा फुलला की मला नाचावंसं वाटलं.

गाडी गल्लीबाहेर पडते न पडते तोच मी ओट्यावर धावले. "मामा! पाहिलंत? गरज एका घराला होती, आणि प्रत्येकीने कुवतीप्रमाणे दिलं! कुणी सांगितलं नव्हतं! मी जिंकले!"

मामा ठसका लागेपर्यंत हसले. "हाव, जिंकनी. मी मानं."

मग ते उठले. घरातला सर्वात मोठा डबा आणला, उरलेला अख्खा ढीग त्यात भरला, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात ठेवला. मग गल्लीकडे तोंड करून जोरात ओरडले, "ऐका व बठ्ठ्याजनी! गल्लीना पापड गल्लीना. पन हाऊ डबा सूनबाईनी खाजगी मालमत्ता शे. कोनी हात लावाव नही!"

वर्ष होत आलं. डबा फळीवर आहे. त्याला कुलूप नाही, पहारा नाही, झाकणही आता सैल झालंय. आणि सांगायला अभिमान वाटतो, अजून कुणी हात लावलेला नाही.

पण तुम्ही आपली माणसं! चहाबरोबर तुमच्यासाठी दोन-चार तळते ना. चवीला एक नंबर आहेत, हिंग आत्यांचा आहे.

अहो, उठलात काय लगेच?