कलमाच्या खालची फूट

"कलमाच्या खाली फुटलेलं ठिवायचं न्हाई, सूनबाई." लग्नानंतर मला पहिल्यांदा द्राक्षबागेत नेलं, तेव्हा सासरे म्हणाले होते. खाली जंगली वेलाचा खुंट, त्यावर आपल्या द्राक्षाचं कलम. खुंटाला फूट आली की खुडायची. इतकी वर्षं मी खुडत आले.

आता बाग काढतोय. आमच्या नर्सरीत येणारं गिऱ्हाईक सीताफळाची रोपं मागतं, म्हणून बागेच्या जागी रोपांसाठी शेडनेट होणार आहे. वेल वरून तोडून ठेवलेत, उद्या जेसीबी येईल.

आज सकाळी कुंपणाकडच्या एका खुंटाला, कलमाच्या खाली, हिरवीगार फूट दिसली. पानंही वेगळीच. सासऱ्यांचा हात सवयीनं खुडायला गेला.

"थांबा मामा. याला कसली द्राक्षं येतात हो?"

"मला काय ठावं? कधी वाढूच दिलं न्हाई आपण." ते हसले आणि हात मागं घेतला.

दिवसभर तेच डोक्यात आहे. तुमच्यापैकी कुणी ती द्राक्षं चाखलीत का?

आमचे हे म्हणाले, "एका वेलासाठी जेसीबी काय वळसा घालणार हाय का?" उद्याही हेच म्हणतील. तरी ही पोस्ट ते वाचतीलच, म्हणून इथंच विचारते. अहो, तेवढा एक वेल राहू द्या ना.