मूकपटातले संवाद

परवा एका प्रदर्शनात जुना प्रोजेक्टर चालवून दाखवत होते. त्याच्या तापलेल्या दिव्याचा वास आला आणि साठ सालच्या सुमाराची, बंगळूरच्या बसवनगुडीतली एक संध्याकाळ आठवली. तिथल्या आमच्या मराठी मंडळात एका नाटकावरून काढलेला जुना विनोदी मूकपट दाखवणार होते. विषमज्वरात आईचे कान गेले होते, तेव्हापासून ती चारचौघांत जात नसे. पण ते नाटक तिने लहानपणी कितीदा तरी पाहिलेलं, म्हणून मी हट्टाने तिला नेलं. खुर्चीवर बसले आणि मला धास्ती वाटू लागली, कारण आपला आवाज किती मोठा होतो हे तिला कळत नसे. पडद्यावर जावई सासऱ्याच्या भीतीने लुगडं नेसून स्वयंपाकीण झाला, आणि आई त्याचं नाटकातलं वाक्य खणखणीत म्हणाली, "पदराला हात लावू नका, मी सोवळ्यात आहे." मी तिचं मनगट घट्ट धरलं. पुढचे गृहस्थ मागे वळले. ते मला म्हणाले, "संवादांच्या पाट्या इंग्रजीत आहेत, आम्हाला कळेना. अक्कांना स्वल्प जोरात बोलायला सांगा." आई घाबरून म्हणाली, "काय झालं? मी बोलले का?" मी मनगट सोडलं आणि हाताने खूण केली, अजून मोठ्याने. शेवटपर्यंत सगळ्यांचे संवाद तिनेच म्हटले. लोक हसत होते, पण ते तिला ऐकू येत नव्हतं. म्हणून ती मधूनमधून वळून चेहरे पाहून घ्यायची. आता माझेही कान मंद झालेत. घोळक्यात काही घडलं की मीही आधी चेहरे पाहते.