चकचकीत पडदा

पेन धरलं की आता हात थरथरतो, म्हणून लिहायला लॅपटॉप घ्यायचं मी ठरवलं. मुलगा सुधीर सोबत आला. दुकानदाराने दोन लॅपटॉप उघडून शेजारी शेजारी ठेवले. अजून सुरू केले नव्हते. एकाचा पडदा आरशासारखा चकचकीत, दुसऱ्याचा पाटीसारखा मंद.

"आजी, मॅट घ्या. ग्लॉसीत मागचं सगळं दिसतं, लक्ष उडतं," दुकानदार म्हणाला.

ते खरंच होतं. चकचकीत पडद्यात मला माझ्या मागे उभा सुधीर दिसला. तो दुकानदाराला हाताने खुणावत होता, हिला काय कळतंय, द्या कुठलाही.

अशा खुणा माझ्या पाठीमागे आयुष्यभर झाल्या असणार. डॉक्टर नाडी माझी बघायचे आणि आजार नवऱ्याला सांगायचे. जमिनीच्या कागदावर भावांनी माझी सही घेतली, तेव्हाही कोणीतरी कोणाला डोळा मारला असेल. माझं तोंड कायम ओट्याकडे, आणि ठरायचं ते पाठीमागे. बाईच्या पाठीला डोळे नसतात, यावर घरं चालतात.

"चकचकीत द्या," मी म्हणाले.

"आई, दिवसभर त्यात स्वतःचंच तोंड बघत बसशील," सुधीर हसला.

"बसेन. तोंड वाईट नाही माझं. मघाशी हात कसला हलवत होतास?"

त्याने हात खिशात घातला. दुकानदार खोकं शोधायला खाली वाकला.

"इकडे पुढे ये," मी म्हटलं. "काय सांगायचंय ते माझ्यासमोर उभा राहून मला सांग."