बाटलीवरचा नंबर

परवा ढोकीच्या साखर कारखान्याजवळ गाडीत मळीचा आंबूस वास शिरला आणि उसाच्या फडातली ती बाई आठवली. ऊसतोडणीच्या बायांच्या रक्तावरचा माझा पेपर तेव्हा छापून आला होता, परदेशातले संशोधकही त्याचा दाखला देत होते. मी हौसेनं पेढे घेऊन फडात गेले. तिनं कोयता खाली ठेवला. "लई चांगलं झालं, मॅडम. मग माझ्यात रक्त किती हाय?" नावं गुप्त राहावीत म्हणून आम्ही रक्ताच्या बाटल्यांवर नुसते नंबर टाकले होते, त्यातला तिचा कुठला, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मी तसं म्हणाले, तेव्हा तिनं साडीवरच्या शर्टाची बाही सारून हात पुढं केला. "मग परत घ्या की." माझ्याकडं पेढे होते, सुई नव्हती. बायोडाटात तो पेपर मी आजही सगळ्यात वर लिहिते.