सासूला हरवायला आणलेला टीव्ही

आमच्या शेजारणीला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणते. ती गाडी चालवायला शिकवते. निम्मं गाव तिने रस्त्यावर आणलंय, म्हणजे चांगल्या अर्थाने. तिच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक हिच्या. त्यातला हिचाच जास्त झिजलाय.

अशी ही बाई रोज संध्याकाळी घरातल्या घरात सासूकडून हरत होती.

झालं असं, की नवऱ्याने मोठ्या हौसेने गेमिंग कन्सोल आणला. चार दिवसांत त्याची हौस फिटली आणि सासू-सुनेने तो बळकावला. खेळ मोटारींच्या शर्यतीचा. पडदा मधोमध दुभंगतो. डावीकडे सासूबाईंची लाल गाडी, उजवीकडे हिची निळी. सासूबाई जन्मात सायकलवरही बसलेल्या नाहीत, पण पहिल्या त्याच! भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या मधल्या भिंतीला माझे आहेत, त्यामुळे निकाल मला रोज घरबसल्या कळायचा.

एवढ्यावर भागलं असतं. पण सासूबाई दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला निकाल सांगत. परवा एक शिकाऊ पोरगी लायसन्ससाठी फोटो द्यायला आली, तिलाही सांगितला. ती निरागसपणे म्हणाली, "मॅडम, मग मी आजींकडेच शिकू का?"

हे मास्तरीणबाईला फार झोंबलं. त्यात सासूबाई पुढच्या आठवड्यात लेकीकडे राहायला निघालेल्या.

"नणंदेकडे जाऊन काय काय रंगवून सांगतील, कल्पना आहे तुला?" ती मला म्हणाली. "त्या जायच्या आत मला एकदा जिंकायचंय. एकदाच!"

"मग जिंक की."

"टीव्ही मेला मठ्ठ आहे. बटण आत्ता दाबावं, तर गाडी सावकाशीने वळते."

"सासूबाईंची बरी वळते?"

"त्यांचं नशीब बलवत्तर!"

नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी नुसती हसले. ते तिला जास्त लागलं.

शनिवारी कन्सोल पिशवीत घालून ती टीव्हीच्या दुकानात निघाली, आणि तिच्यामागे मी. टीव्ही तिचा असला तरी आवाज माझ्याही घरी येणार होता ना!

दुकानात भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर धबधबे आणि पोपट.

"मॅडम, रंग बघा रंग," विक्रेता म्हणाला.

"पोपट पाळायचा नाहीये मला. हे जोडून द्या."

बिचाऱ्याने कन्सोल जोडला. हिने बटण दाबलं आणि शिकाऊ माणसाच्या पायांकडे बघावं तसं पडद्याकडे बघितलं. "उशीर." दुसरा टीव्ही. "हा तर झोपलाय." मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला. एरवी टीव्ही प्रत्येक चित्र सजवून मग दाखवतो, त्यात वेळ जातो, असं त्याने सांगितलं.

"म्हणजे आता पावडर न लावता बाहेर पडायचं," मी म्हटलं.

"तुला नाही जमायचं ते," मास्तरीणबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. शेवटी तिने पोपट जरा फिका दिसणारा, पण बटणाला चटकन 'ओ' देणारा टीव्ही घेतला.

आवाजावरून मात्र जुंपली. तिच्या नवऱ्याने फोनवर फर्मान सोडलं, "छाती हादरली पाहिजे!" विक्रेत्याने लगेच पाच स्पीकर आणि घुमणारा एक ठोकळा मांडला.

"माझा सोफा भिंतीला टेकलेला," मास्तरीणबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मागचे दोन स्पीकर ठेवू कुठे, हिच्या स्वयंपाकघरात?"

"ठेव की. भांडी आपोआप घासली जातील," मी म्हटलं.

पडद्याखाली मावेल असा लांबट साउंडबार आणि एक छोटा ठोकळा यावर तडजोड झाली. ठोकळा माझ्या भिंतीपासून दूर राहील, हे मी तिथल्या तिथे कबूल करून घेतलं.

संध्याकाळी उद्घाटनाची शर्यत झाली. मास्तरीणबाई हरली. पूर्वीपेक्षा जास्त अंतराने हरली.

"काय सुरेख टीव्ही आणलास गं!" सासूबाई खूश. "कसं सगळं लख्ख दिसतं!"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोघींच्या समोर, टीव्हीकडे पाठ करून बसले. गाड्यांत मला रस नाही, मला माणसांचे चेहरे वाचायला आवडतात. शर्यत सुरू झाली, आणि बघते तर हिचे डोळे सगळा वेळ डावीकडे! अंगठे निळी गाडी चालवतायत, नजर लाल गाडीवर, उजवा पाय सतरंजीवर ब्रेक दाबतोय आणि तोंड चालू: "वळण आलं... ब्रेक... सोडा, सोडा... आता रेस द्या!" सासूबाई शहाण्या बाळासारख्या तसंच करतायत.

"अगं बये," मी म्हटलं, "तू गाडी कुणाची चालवतेस?"

ती थांबली. मी मागे वळून बघितलं, तर निळी गाडी गवताच्या गंजीत घुसलेली.

मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आणला आणि दोघींच्या मधोमध असा आड धरला, की हिला डावी बाजू दिसूच नये. तोंडही बंद ठेवायला लावलं. आणि मास्तरीणबाई जिंकली की हो! सोफ्यावरून अशी उडाली, की साउंडबारला लाजवेल असा आवाज झाला.

पलीकडे सासूबाईंची लाल गाडी कठड्याला नाक घासत उभी होती. "मला आज कुणी सांगितलंच नाही, केव्हा वळायचं ते," त्या म्हणाल्या.

पुढच्या शर्यतीत मी पुठ्ठा पुन्हा धरला. लाल गाडी पहिल्याच वळणावर धडकली. परत धडकली. नव्या स्पीकरमधून तो पत्र्याचा आवाज इतका स्पष्ट यायचा, की मास्तरीणबाईचा जीव खालीवर होऊ लागला. ओठ घट्ट मिटून तिने दोन धडका सोसल्या. तिसऱ्या धडकेला तिने हात मारून माझा पुठ्ठा खाली पाडला.

"आई, अहो आधी ब्रेक! आता सोडा... हं, द्या!"

सासूबाई पहिल्या आल्या.

"आता लेकीला फोन करून निकाल सांगा," मी काडी टाकली.

"सांगते की," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याकडे नाही येत म्हणून सांगते. तिथे कोण बसलंय मला वळण सांगायला?"