कवळीवर नाव

वृद्धाश्रमातल्या नव्या मदतनीस बाईंनी अकरा जणांच्या कवळ्या एकाच बादलीत धुतल्या आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कवळ्या करणाऱ्या बाईंना तातडीने बोलावणं गेलं. अकराही त्यांनीच घडवलेल्या. घरी प्रत्येकाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा ठेवलेला होता, पण साचे काढून ताडून बघणं म्हणजे नवशिक्यांचं काम. बाईंनी एकेक कवळी हातात घेतली, आतून अंगठा फिरवला आणि पंधरा मिनिटांत ज्याची त्याला देऊन टाकली. "आईला पोरं ओळखायला वेळ लागतो का?" असं वर ऐकवलंही. तीस वर्षांचा हात होता, थोडा तोरा असायचाच.

घोडं अडलं ते त्यांच्या स्वतःच्या वडिलांपाशी. तेही तिथेच, खालच्या मजल्यावर राहत. "ही माझी नाही," म्हणाले आणि कवळी काढून बशीत ठेवली.

"बाबा, मी केलीय ती. मला कळत नाही का?"

"मग तूच घाल."

हिरड्या झिजल्या की कवळी ढिली वाटते, हे बाईंनी चारदा समजावलं. पाचव्यांदा आवाज चढला. बाबा कुस्करलेल्या अन्नावर दिवस काढू लागले. शेवटी त्राग्याने बाई व्यवस्थापिकेजवळ बोलून गेल्या, "हल्ली त्यांच्या काही लक्षातच राहत नाही हो." व्यवस्थापिकेने ते लगेच वहीत उतरवलं. सोमवारी डॉक्टर येणार होते. त्यांनी मान डोलावली की बाबांची रवानगी वरच्या मजल्यावर, आणि त्या मजल्याला बाहेरून कुलूप असायचं.

बाईंनी पुन्हा जाऊन बाबांची विनवणी केली. बाबा मात्र ढिम्म. "माझं नाव आहे का त्याच्यावर?" एवढंच विचारायचे. आता प्रत्येक कवळीवर आणि चष्म्यावर नाव हवं, असं व्यवस्थापिकेनेही बजावलं होतं. नाव दिसलं की बाबा मुकाट्याने कवळी घालतील आणि सोमवार टळेल, असा हिशेब बाईंनी मांडला. पेनने लिहिलेलं चार दिवसांत धुऊन जातं, म्हणून टेबलावर मावणारं लेझरचं मशीन घ्यायचं ठरलं. एक जुना चष्मा, तुटक्या कवळीचे तुकडे आणि बाबांनी बशीत ठेवलेली कवळी पिशवीत टाकून त्या दुकानं पालथी घालू लागल्या.

पहिल्या दुकानदाराने निळ्या उजेडाचं स्वस्त मशीन दाखवलं. उजेड चष्म्याच्या काचेतून आरपार गेला, काचेला त्याची दादही नाही. गुलाबी प्लास्टिकवर मात्र करपल्याचा डाग पडला. "काचेला आधी काळा रंग फासायचा, मॅडम." चष्म्याला काळा रंग! दुसऱ्याच्या मोठ्या मशीनने काचेचे टवके उडवले, प्लास्टिक वितळवलं आणि असा काही वास सोडला की बाईंना दाराबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. आणि दोघांनीही काही विचारायच्या आत काचेच्या पेल्यावर गुलाब काढून दाखवला. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. जगात कोणाला एवढे गुलाब लागतात?

तिसऱ्याकडे यूव्ही लेझर होता. हा फारसा तापवत नाही, वरचा पापुद्रा तेवढा उडवतो, असं त्याने सांगितलं. तुकड्यावर बारीक पांढरं अक्षर उमटलं, चष्म्याच्या काचेच्या कडेलाही उमटलं. तडा नाही, वास नाही. बाईंचं मन त्यावर बसलं.

"तीन वॅटचं देऊ की पाच?"

"फरक काय?"

"दोन वॅटचा."

बाईंनी दात-ओठ खाल्ले आणि बाबांची कवळी पुढे केली. "यावर नाव घालून दाखवा."

"वापरलेली आहे?" त्याने दोन बोटांत धरली.

"धुतलेली आहे. चावत नाही ती."

मशीनचा नेम धरणारा लाल ठिपका कवळीवर फिरू लागला, पण ती वाकडीतिकडी वस्तू, सारखी डुगडुगत होती. "किरण एकाच उंचीवर नेमका पडतो. वस्तू हलली की अक्षर फिसकटणार. ही घट्ट बसेल असं काही आहे का तुमच्याकडे?"

का नसेल? बाई घरी गेल्या, बाबांचा प्लास्टरचा साचा घेऊन आल्या, त्यावर कवळी ठेवली.

कवळी डुगडुगली. बाईंनी दाबून बसवली. पुन्हा डुगडुगली.

"साचा दुसऱ्याचा आणलात का?" विक्रेत्याने विचारलं. बाईंनी साचा उलटा केला. खाली त्यांच्याच अक्षरात बाबांचं नाव होतं.

मशीन हेच घ्यायचं, हे पक्कं होतं, पण बाईंनी आधी साचा आणि कवळी पिशवीत टाकली. घरून सगळे साचे पिशवीत भरून त्या तडक वृद्धाश्रमात गेल्या आणि एकेक कवळी लावून बघितली. नऊ बरोबर होत्या. बाबांची कवळी निघाली ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या माळ्याच्या तोंडातून. वर्षापूर्वीच त्याची वाचा गेलेली. हिरड्यांना फोडच फोड. "हल्ली घास तोंडात ठेवतच नाहीत, हट्टी झालेत," मदतनीस बाई म्हणाल्या.

खाली येऊन बाईंनी व्यवस्थापिकेपुढे वही उघडली. "हा शेरा खोडा."

"असा कसा खोडू? कोणाच्या सांगण्यावरून लिहिला होता?"

"माझ्याच." आणि का खोडायचा तेही त्यांनी सांगितलं, मान खाली घालून.

बाबांनी कवळी घातली, दोनदा दात मिटले. "हं. ही माझी." मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस कोणाकडे होती?"

बाईंनी सांगितलं. बाबांचा चेहरा पडला. "अरेरे. त्याला बिचाऱ्याला सांगताही येत नाही गं."

"तुम्हाला तर येत होतं, बाबा," बाई म्हणाल्या आणि तिथेच रडू लागल्या.